तरावटमधलं मागचं टेबल

शरदिनीताईंची ओळख करून द्यायची तर चुलीपासून सुरुवात करायला हवी. ब्रह्माघाटावरच्या आमच्या गल्लीत त्यांना कुणी अमक्याची मुलगी किंवा तमक्याची विधवा म्हणून ओळखत नसे. ‘यज्ञेश्वरशास्त्र्यांकडे श्राद्धाचा स्वयंपाक करतात त्या’, एवढं म्हटलं की पुरे. शास्त्रीबुवा त्यांचे चुलत भाऊ. महाराष्ट्रातून काशीला येणारे यात्रेकरू त्यांच्याकडे उतरत, घाटावर पिंडदान करत आणि दुपारी तिथेच जेवत. ते जेवण सोवळ्यातलं. म्हणजे पहाटे गंगेवर स्नान करायचं, आदल्या दिवशी कुणाचा हात न लागता वाळलेलं पातळ नेसायचं, आणि पंगत उठेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा न घेता चुलीपुढे बसायचं. बनारसच्या वैशाखात चुलीपुढे बसणं काय असतं ते बसलेल्यालाच ठाऊक. खीर, वडे, कढी, आमसुलाची चटणी, सगळं पानात वाढून झालं, ब्राह्मण तृप्त होऊन उठले, यजमान उठले, घरचे उठले, की मग ताई आपलं पान घेत. तोवर उन्हं कलायला लागलेली असत.

आम्ही त्याच घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू होतो. आमच्या नीलकंठरावांची बँकेतली बदली ब्याण्णव साली बनारसला झाली आणि मी सांगलीचं घर बंद करून त्यांच्यामागून आले. माझी जीभ जरा तिखट आहे हे त्या घराला आठवडाभरात कळलं, आणि त्या घराला माझ्यावाचून करमत नाही हे मला महिन्याभरात कळलं. खालच्या चौकात शास्त्रीबुवांच्या पत्नी सुमेधावहिनी भाजी निवडत बसत, मी वरून कठड्यावर वाकून गप्पा मारी, आणि ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआतून, शिवू नये एवढ्या अंतरावरून, मधेच एखादा शब्द टाकत. त्या बोलत कमी. मराठी आमचीच, पण तिला बनारसी पाणी लागलेलं. ‘आज बहुत ऊन आहे, मुक्ता, छतावर पापड घालून घे,’ असं.

त्यांचं लग्न अगदी कोवळ्या वयात इथेच दुर्गाघाटावर झालं होतं. नवरा वेदपाठी, हुशार, आणि टायफॉइडने गेला. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही, चुलत्यांनी घेतलं. चुलते गेल्यावर घर शास्त्रीबुवांचं झालं आणि ताई घराबरोबर त्यांच्याकडे आल्या. यात कुणी वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. शास्त्रीबुवांनी बहिणीला कधी वेडंवाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. जिन्याखालची खोली, सणाला लुगडं, आजारपणात वैद्य, सगळं होतं. पण ताई आश्रित नव्हत्या त्या केवळ चुलीमुळे. यजमान जाताना ताईंना वेगळी दक्षिणा देऊन पाया पडत, आणि तेवढ्यापुरती ताईंची मान ताठ होई. त्या घरात त्यांचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

आता तरावट. पंच्याण्णवच्या चैत्रात मैदागिनच्या चौकात ‘तरावट’ नावाचं दुकान उघडलं. मालक कानपूरचा. कानपूरला त्याची दोन, लखनौला एक, अलाहाबादला एक, गोरखपूरला एक आणि आता हे बनारसचं. सगळीकडे तोच पिवळा फलक, तीच लाल रेक्झिनची बाकं, तोच जाड काचेचा गिलास आणि गिलासात तीच ठंडाई, लस्सी, लिंबाची शिकंजी. लखनौचा गुलाबाचा घोट आणि बनारसचा गुलाबाचा घोट यांत केसभरही फरक पडणार नाही, असं त्यांनी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं. भाव बाहेरच्या निम्मा. कूलर होता, आणि वीज गेली की मागे जनरेटर धडधडायला लागे. ज्या गावात दुपारभर वीज म्हणजे पाहुणी, तिथे आणखी काय हवं?

पण आमच्या ओट्यावर या दुकानावरून जी जुंपली ती निवडणुकीतही जुंपली नव्हती. शास्त्रीबुवा आणि त्यांचे शेजारी ढुंढिराजपंत यांचा वर्षानुवर्षांचा नेम होता. संध्याकाळी चौखंब्याच्या गल्लीतल्या विशेसर गुरूंच्या फळीवर बसायचं, गुरूंनी पाट्यावर घोटलेली ठंडाई प्यायची, तीत भोलेनाथाचा प्रसाद म्हणून भांगेची गोळी असायचीच, आणि जगाचे हिशेब लावून दिवेलागणीला परतायचं. गुरू मातीच्या पुरव्यात ठंडाई देत. प्यायलं की पुरवा फोडायचा. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या ओठाला लागायचं नाही, म्हणून शास्त्रीबुवांच्या सोवळ्याला त्या दुकानाची परवानगी होती.

ढुंढिराजपंत म्हणत, तरावटची ठंडाई म्हणजे ठंडाईची भांडी विसळलेलं पाणी. तिथे नोकराला गिऱ्हाइकाचं नाव माहीत नाही, गिऱ्हाइकाला नोकराचं गाव माहीत नाही. अशा जागी प्यायलेलं पोटात जातं, अंगी लागत नाही. शास्त्रीबुवांचा मुद्दा गिलासाचा होता. कोण प्यायला, कोणत्या जातीचा प्यायला, कशात विसळला, कुणाला ठाऊक? आमचे नीलकंठराव बँकवाले. त्यांच्या मते तक्रार करणाऱ्यांनी विशेसर गुरूंच्या पुरव्यात किती मावतं आणि तरावटच्या गिलासात किती, ते एकदा मापून बघावं. उन्हात फिरणाऱ्या रिक्षावाल्याला, कचेरीतल्या शिपायाला, बाहेरगावच्या माणसाला बसायला जागा आणि परवडेल असा घोट मिळतो, याला किंमत आहे की नाही? यावर ढुंढिराजपंत म्हणाले की परवडणाऱ्या गोष्टींनीच काशीची वाट लागली. मी वरून म्हटलं, पंत, गुरूंच्या फळीवर आजवर एक तरी बाई बसलेली पाहिलीत का? त्यांनी मान वर केली, जणू मी गंगेला उलटं वाहायला सांगितलं, आणि म्हणाले, बायकांना हवी तर लोटा पाठवावा, गुरू भरून देतात. मला स्वतःला तरावटचा पुळका होता असं नाही. एकदा प्यायले होते, आणि ठंडाई पातळ होती हे पंतांचं म्हणणं खरंच होतं. पण कुणी फार ठामपणे बोललं की माझ्या अंगात येतं.

ज्येष्ठातल्या एका मंगळवारी मी मैदागिनला औषधं आणायला गेले होते. ऊन असं की डोळ्यांपुढे काजवे. तरावटच्या कूलरचा वारा दारातून अंगावर आला आणि मी आत शिरले. समोरची बाकं माणसांनी भरलेली. मागे, खांबाच्या आडोशाला एक छोटं टेबल होतं, आणि त्या टेबलाशी शरदिनीताई बसल्या होत्या. पायातल्या चपला काढून, पाय वर घेऊन, मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात गुलाबाच्या लस्सीचा गिलास, आणि त्या लहान लहान घोट घेत होत्या, मधे थांबत होत्या, रस्त्याकडे बघत होत्या.

मला वाटलं घाबरतील. त्या नुसत्या सरकल्या आणि म्हणाल्या, “बस ना.”

मंगळवारी भैरोनाथाचं दर्शन हा त्यांचा जुना नेम. तिथून मैदागिन चार पावलांवर. तरावट उघडल्यापासून दर मंगळवारी, पंगत उठल्यावर, देवदर्शन करून त्या तिथे येत होत्या. मी विचारलं, ताई, घरी कळलं तर? त्या म्हणाल्या की स्वयंपाकाच्या आधी नाही, नंतर येते, आणि दुसऱ्या पहाटे स्नान होतंच. “इथे बसता येतं गं. कुणी परेशान करत नाही. घाटावर बसले की जाणारायेणारा विचारतो, काय शरदिनी, घरी सगळं ठीक? गल्लीत उभी राहिले की विचारतात. इथे मला कुणी जाणत नाही.”

ढुंढिराजपंत ज्याला त्या दुकानाचा दोष म्हणत होते तो हाच. मला त्या क्षणी हसू आलं, पण हसले नाही.

तेवढ्यात वाढपी आला. पिवळी टोपी घातलेला, चाळिशीचा, गाझीपूरकडला माणूस. टेबलाशी हात मागे बांधून उभा राहिला आणि म्हणाला, “आप क्या लेंगी?” मी म्हटलं, शिकंजी. तो गेल्यावर ताई कौतुकाने म्हणाल्या, बघितलंस, विचारून मग थांबतो. पुढे मला कळलं की तो कानपूरच्या मालकाचा नियम होता. रिक्षावाला असो की वकील, टेबलाशी उभं राहून याच शब्दांत विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. नियम मोडला की पगार कापत. ताईंना हे मी सांगितलं नाही. आणि सांगितलं असतं तरी त्यांचं काही बिघडलं नसतं, असं मला आता वाटतं.

घरी मी चकार शब्द काढला नाही. पण श्रावण लागला आणि एका संध्याकाळी ढुंढिराजपंत चेहरा पाडून ओट्यावर आले. शास्त्रीबुवांना म्हणाले, सांगायला जिवावर येतं, पण सांगायला हवं. शरदिनी तरावटमध्ये बसलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. रस्त्याने जाता जाता पाहिली म्हणाले. रस्त्यावरून ते मागचं टेबल दिसत नाही, खांब मधे येतो, त्यासाठी आत शिरून निदान तिसऱ्या बाकापर्यंत जावं लागतं. हे मी कठड्यावरून तिथल्या तिथे बोलले. पंतांना ठसका लागला. पण त्याने काही साधलं नाही, कारण शास्त्रीबुवांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते चौकात गेले आणि बहिणीला हाक मारली.

ते रागावले नव्हते, हेच वाईट होतं. भेदरले होते. महाराष्ट्रातून माणसं येतात ती या घरच्या सोवळ्यावर भरवसा ठेवून. आईबापांचं श्राद्ध आपल्या हातून नीट झालं या समाधानावर परत जातात. उद्या घाटावर बोभाटा झाला की शास्त्र्यांकडची स्वयंपाकीण बाजारात बसून सगळ्या जगाच्या उष्ट्या गिलासात पिते, तर कोण येईल? त्यांनी हे सगळं हळू आवाजात सांगितलं आणि म्हणाले, “शरू, एवढंच म्हण की चुकून गेले, परत जाणार नाही. मी पंचगव्य देतो, विषय संपला.”

ताई चौकाच्या मधोमध उभ्या होत्या. हात पदराला पुसत राहिल्या. त्यांनी सरळ ‘हो’ म्हटलं असतं तर कुणी पुन्हा चौकशीही केली नसती. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, म्हणून टाका ताई, मग बघू.

“दादा, पंचगव्य घेते,” त्या म्हणाल्या. “पण चुकून गेले असं कसं म्हणू? मी समजून-उमजून गेले. आणि परत जाणार नाही असंही मला म्हणता येणार नाही.”

शास्त्रीबुवांनी सुमेधावहिनींकडे पाहिलं. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या नणंदेला म्हणाल्या, अगं, घरात काय कमी आहे तुला? लस्सी हवी तर मी करून देईन, त्यासाठी लोकांत जाऊन बसायचं? त्यांच्या आवाजात राग होता आणि थोडा मत्सरही, असं मला वाटलं. मग शास्त्रीबुवा म्हणाले की असं असेल तर तू सोवळ्याच्या स्वयंपाकाला हात लावू नकोस. घर तुझंच आहे. राहा, जेव.

घरात राहायला आणि जेवायला मिळणं ही शिक्षा असू शकते, हे मी त्या श्रावणात पाहिलं. चुलीपुढे शेजारच्या गल्लीतल्या गंगाबाई येऊन बसल्या. ताई जिन्याखालच्या खोलीत वाती वळत बसत. यजमान येत, जेवत, गंगाबाईंच्या पाया पडत आणि ताईंच्या खोलीवरून निघून जात. जेवायची हाक आली की ताई येत, दोन घास खात आणि ताट स्वतः घासून ठेवत, परक्याच्या घरी जेवल्यासारखं. भाद्रपदाच्या सुरुवातीला पाहिलं तर त्यांच्या चोळीच्या बाह्या दंडावर सैल लोंबत होत्या. मला राग येई. शास्त्रीबुवांचा येई, पंतांचा येई, आणि खरं सांगायचं तर ताईंचाही येई. एका गिलासापायी माणसाने एवढं घालवावं? मी एकदा तसं बोलूनही गेले. ताईंनी वात वळता वळता मान हलवली, जणू मी हवापाण्याबद्दल काही बोलले.

आणि मंगळवार त्यांनी चुकवला नाही. एकही नाही. दुपारी पदर खांद्यावरून घेत आणि चौक ओलांडून निघून जात. कुणी अडवलं नाही, कुणी विचारलं नाही, पण त्या जात तेव्हा चौकातलं बोलणं थांबे.

मग पितृपक्ष आला. बनारसमध्ये त्या पंधरवड्यात श्राद्धाचा स्वयंपाक करणारी बाई मिळणं म्हणजे देव भेटणं. पितृपक्ष उद्यावर आलेला, सोलापूर आणि नाशिककडची मंडळी गाडीतून उतरून घरात येऊन पोचलेली, आणि गंगाबाईंचा निरोप आला की त्या आधीपासून ज्यांच्याकडे स्वयंपाक करत त्या घरी सून बाळंत झाली, त्यामुळे तिथलं स्वयंपाकघर त्यांना सोडता येणार नाही. सुमेधावहिनींच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारलेला. एवढ्या पानांचा स्वयंपाक खाली बसून करणं त्यांच्या हाताबाहेरचं होतं. शास्त्रीबुवा चौकात येरझाऱ्या घालत होते. शेवटी म्हणाले, शरूला बोलाव. तिला म्हणावं पंचगव्य घे, परत जाणार नाही एवढं कबूल कर, आणि उद्या पहाटेपासून चूल तुझी. मागचं काही मी काढणार नाही.

तो मंगळवार होता. ताई घरात नव्हत्या.

वहिनी मला म्हणाल्या, “मुक्ता, चल माझ्याबरोबर. मला तिकडे एकटीने जाऊन माहीत नाही.” ब्रह्माघाटापासून मैदागिन ते किती लांब! पण सगळा जन्म काशीत गेलेल्या त्या बाईला एकटीने तिथवर जायची कधी गरजच पडली नव्हती. वाटेत त्या सारखं तेच घोळवत होत्या. तिला सांगते, भावाने एवढं नमतं घेतलं, आता तू हट्ट सोड. तिला सांगते, मी गुडघ्यांनी मेले. तिला सांगते, हे शोभत नाही. भैरोनाथाच्या गल्लीत गर्दीत त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता.

तरावटच्या दाराशी त्या थबकल्या. आतले सगळे परपुरुष. मी त्यांना खांबामागे नेलं. ताई टेबलाशी बसल्या होत्या, गिलास अजून अर्धा होता. आम्हाला पाहून दचकल्या नाहीत, फक्त पाय खाली घेतले आणि वहिनींना आपली भिंतीकडची जागा दिली. वहिनी अंग चोरून बसल्या. टेबलाला हात लागू नये म्हणून हात मांडीवर. बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वाढपी येऊन उभा राहिला. हात मागे, पिवळी टोपी.

“माताजी, आप क्या लेंगी?”

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे, मग ताईंकडे. तो वाट पाहत होता. वहिनींनी तोंडाला पदर लावला आणि सवयीने, अगदी सहज म्हणाल्या, “जो बचा हो, वही दे दीजिए.”

वाढपी गोंधळला. त्याच्या नियमांत याचं उत्तर नसावं. म्हणाला, “माताजी, बचा हुआ यहाँ नहीं देते. जो कहेंगी, अभी बनेगा.”

मला वाटलं आता वहिनी हसतील. त्यांच्या चेहऱ्यावर भलतंच काही दिसलं. मोठ्या प्रश्नपत्रिकेपुढे बसवलेल्या मुलीसारख्या त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. भिंतीवरची नावं वाचायला लागल्या, पण डोळे नुसतेच फिरत होते. एवढ्या मोठ्या घराची ती मालकीण. नवऱ्याला वड्यात किती मिरी लागते, पंतांना चहात किती साखर लागते, सोलापूरच्या यजमानांना तिखट चालतं की नाही, सगळं तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

ताई हलक्या आवाजात म्हणाल्या, “वहिनी, पहिल्या दिवशी मी पण हेच म्हणाले होते.”

आजवर मला वाटत होतं की ताईंना तिथला थंड वारा आवडतो, ओळख नसलेली माणसं आवडतात, फार तर गुलाबाची लस्सी आवडते. त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला शिकायला त्या दर मंगळवारी तिथे येत होत्या, आणि शिकलेलं सोडायला तयार नव्हत्या. चूल गेली तरी.

ताईंनीच मग वाढप्याला सांगितलं, जे माझं आहे तेच ह्यांना आणा. गिलास आला. वहिनींनी काठाकडे पाहिलं. कोण प्यायलं असेल, कशात विसळला असेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांतून गेलेलं मी पाहिलं. मग त्यांनी गिलास उचलला आणि ओठांना लावला. पहिला घोट औषधासारखा घेतला. दुसरा घेतला. वहिनी खांबाच्या कडेने रस्त्यावरच्या रिक्षा बघत होत्या, आणि ताई वहिनींकडे बघत होत्या.

गिलास रिकामा झाल्यावर वहिनी म्हणाल्या, “उद्या पहाटे चुलीपाशी ये. तुझं पातळ मी वर दोरीवर घालते, कुणाचा हात लागू देत नाही.”

मी पुढची अट ऐकायला थांबले. ताईही थांबल्या असाव्यात. वहिनी पदराने ओठ टिपून उठल्या.

घरी शास्त्रीबुवा दारातच उभे होते. त्यांनी विचारलं, सांगितलंस? कबूल झाली? वहिनी पायरीवर बसून गुडघा चोळत म्हणाल्या, ती येतेय उद्या. कबूल वगैरे मी काही करून घेतलं नाही. मीही तिथे बसून प्यायले. ताई जिन्याशी उभ्या होत्या, मी त्यांच्यामागे. चौकात सोलापूरची मंडळी बसलेली, म्हणून सगळं बोलणं कुजबुजीत चाललं होतं.

“पुरव्यात देतात का?” शास्त्रीबुवांनी अगदी दुबळ्या आशेने विचारलं.

“नाही. काचेच्या गिलासात.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. बहिणीला चुलीवरून उठवणं त्यांना जमलं होतं. बायकोला उठवलं तर उद्या घरात पाणी भरायलाही कुणी उरणार नव्हतं. पण तेवढंच नसावं. ते वहिनींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, बराच वेळ, आणि त्यांना काहीतरी विचारायचं होतं असं मला वाटलं. पण संध्येची वेळ झाली म्हणून ते आत गेले.

दुसऱ्या पहाटे त्यांनी पंचगव्याच्या दोन वाट्या देवघराच्या दारात ठेवल्या. नणंद-भावजयींनी शेजारी बसून, नाक न मुरडता, वाट्या रिकाम्या केल्या. मग ताई आत गेल्या आणि थोड्या वेळाने खिरीचा वास वरपर्यंत आला. सोलापूरचे यजमान जेवून उठले, ताईंच्या पाया पडले. मी कठड्याशी उभी होते, मला नीट दिसेना, डोळे पुसावे लागले.

पुढचा मंगळवार पितृपक्षातलाच होता. पंगत उठली, उन्हं कलली. ताई आणि वहिनी पदर सारखे करून चौकात आल्या. शास्त्रीबुवा ओट्यावर ढुंढिराजपंतांबरोबर बसले होते. पंतांनी तोंड उघडलं. शास्त्रीबुवांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पंत, आज गुरूंकडे लवकर जाऊ, आणि पायरी मोकळी करायला अंग बाजूला घेतलं. मीही मागून निघाले. बोलावलं नव्हतं, पण मला घरी राहवलं नसतं.

मागचं टेबल रिकामं होतं. वाढपी आला, हात मागे बांधून उभा राहिला. ताईंनी गुलाबाची लस्सी सांगितली. मी शिकंजी सांगितली. मग त्याने वहिनींना विचारलं. वहिनींनी ताईंकडे पाहिलं, पण ताई मुद्दाम रस्त्याकडे बघत बसल्या. वाढपी हलला नाही. जनरेटर धडधडत होता, समोरच्या बाकावरची माणसं उठली, दुसरी येऊन बसली. वहिनींचे ओठ हलत होते, भिंतीवरचं एकेक नाव त्या मनाशी चाखून बघत होत्या.

“केसरवाली,” त्या शेवटी म्हणाल्या. मग थोडं थांबून, चोरून आमच्याकडे बघत, “और सुनिए, मीठा ज़रा कम.”